काका, तेवढं फाडून टाका हं

मी एक जुने झेरॉक्स मशीन आहे. खरे तर माझ्या कंपनीचे नाव वेगळेच आहे आणि ते माझ्या पोटावर ठसठशीत लिहिलेलेही आहे. पण लोक आमच्या अख्ख्या खानदानाला झेरॉक्सच म्हणतात. पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता रागावण्यासारख्या इतक्या गोष्टी घडून गेल्या आहेत की नावाचे काही वाटत नाही. मित्रांनो, माझी कहाणी ऐकायची असेल तर आधीच सांगून ठेवतो, मी चिडका आहे. ज्याच्या डोळ्यांदेखत सगळे घडते आणि ज्याला एक शब्द बोलता येत नाही, तो चिडका नाही होणार तर काय होणार?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात रूळ बसवले, दिवा बसवला, वर काच आणि काचेवर झाकण बसवले. शेवटी कडेला एक छोटासा भोंगा बसवला. झाकणाखाली कोणाचा कागद राहून गेला तर हा भोंगा टूं टूं करून ओरडतो. तपासणाऱ्या माणसाने तो वाजवून पाहिला आणि म्हणाला, "वा! आवाज कसा खणखणीत आहे!" माझ्या आवाजाचे ते पहिले कौतुक. पुढे कित्येक वर्षे ते शेवटचेच ठरले.

सुरुवातीला मी एका विमा कचेरीत होतो. तिथे माझा थाट होता. रोज सकाळी एक बाई मऊ फडक्याने माझी काच पुसत. साहेब येता-जाता माझ्यावर थाप मारून म्हणत, "हे आहे म्हणून आपलं चाललंय." मग एक दिवस रंगीत प्रती काढणारे नवे मशीन आले आणि मला जिन्याखाली ढकलले. तिथे माझ्यावर छत्र्या वाळत घातल्या जात. तिथून मला काकांनी विकत घेतले आणि आपल्या दुकानात आणले.

काकांचे दुकान म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरची अरुंद खोली. समोर लाकडी काउंटर, कोपऱ्यात संगणक, एक स्टूल आणि कुरकुरणारा पंखा. पलीकडे रुग्णालय, अलीकडे शाळा. त्यामुळे गिऱ्हाइकांची कमतरता नव्हती. काकांचे खरे आडनाव आता कोणालाच आठवत नाही. सगळे त्यांना पाठकोरे काका म्हणतात. ते का, हे सांगायलाच हवे, कारण सगळे रामायण तिथूनच घडले.

एका बाजूला छापलेला आणि दुसऱ्या बाजूला कोरा असा कागद म्हणजे पाठकोरा. माझ्यातून एखादी प्रत तिरकी निघाली, काळपट आली, की गिऱ्हाईक ती काउंटरवरच टाकून जाई. काकांना तो कोरा भाग वाया घालवणे जिवावर येई. ते त्या कागदांची चळत लावत, लोखंडी पट्टी ठेवून प्रत्येकाचे चार सारखे तुकडे करत, कोपऱ्याला भोक पाडत आणि दोऱ्यात ओवून खिळ्याला लटकवत. कोणाला पत्ता लिहायचा आहे, घे पाठकोरा. कोणाला पेन चालते का बघायचे आहे, घे पाठकोरा. शाळेतली मुले गणिते सोडवायला जुडगेच्या जुडगे घेऊन जात आणि काका एक पैसा घेत नसत. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तर मुलांसमोर त्यांचे उदाहरण दिले होते. खोटे कशाला बोलू, मलाही अभिमान वाटायचा. माझ्या चुकीच्या प्रतीसुद्धा कोणाच्या तरी उपयोगी पडत होत्या.

अभिमान वाटायचा तो कोऱ्या बाजूचा. दुसऱ्या बाजूला काय आहे हे काका पाहत नसत. मी मात्र पाहिलेले असायचे.

मित्रांनो, तुम्हाला कल्पना नाही लोक माझ्या काचेवर काय काय आणून ठेवतात. कराचे कार्ड, जन्माचा दाखला, पगाराचा दाखला, बँकेचे पुस्तक. घरी हीच माणसे कपाटाला दोन-दोन कुलपे लावतात. इथे आली की मोठ्याने जन्मतारीख सांगतात, सहीचा कागद काउंटरवर पसरून ठेवतात, संगणकावर आपले खाते उघडतात आणि ते बंद न करताच फोनवर बोलत बोलत निघून जातात. आणि विसरभोळेपणा तर विचारूच नका. प्रत हातात आली की सगळे खूश! मूळ कार्ड माझ्या झाकणाखाली तसेच. मी बिचारा भोंगा वाजवतो, टूं टूं, टूं टूं. एकदा काकांनी काय करावे? "फार कटकट करतं हे," असे म्हणून त्यांनी माझ्या भोंग्यावर चिकटपट्टीच लावली. एकावर एक, चांगली जाडजूड. तेव्हापासून माझा आवाज नाक दाबलेल्या माणसासारखा येऊ लागला. काकांच्या कानांना त्याचीही सवय झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मला ना तळपाय ना मस्तक. सांगणार कोणाला?

असेच एका दुपारी घाईघाईने सिस्टर आल्या. पलीकडच्या रुग्णालयात त्या नर्स होत्या आणि याच इमारतीत वरच्या मजल्यावर आईबरोबर राहत होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत आणि त्यांच्या आईला आजी. आजी स्वभावाने गोड, पण कानाने अगदीच अधू. त्या दिवशी त्याही सोबत होत्या.

"काका, पटकन दोन झेरॉक्स द्या. टॅक्सचं कार्ड आणि हा पगाराचा दाखला. ड्यूटीची वेळ झालीय."

"रिटर्न भरताय वाटतं?"

"भरायचंय. मुदत आहे अजून. कागद तेवढे टॅक्सच्या सल्लागारांकडे देऊन ठेवते, बाकीचं ते बघतात. मी तर ते ऑनलाइन खातंबितं कधी उघडलंसुद्धा नाही. यंदा जास्तीचा टॅक्स कापला गेलाय. तो परत आला की आधी आईला कानाचं मशीन घ्यायचं."

"काय घ्यायचं?" आजींनी विचारले.

"कानाचं मशीन, आई!"

"दुकानाचं मशीन? ते कशाला गं? काकांचं आहे की इथे."

सगळे हसले. सिस्टरही हसल्या, पण लगेच त्यांनी तोंड फिरवले. "परवा गॅसवर दूध उतू गेलं, भांडं जळून काळं झालं," त्या काकांना हळू आवाजात म्हणाल्या. "ही पलीकडच्या खोलीत होती. शेजारच्या मुलीनं दार ठोठावलं, तेही हिला ऐकू आलं नाही. मी ड्यूटीवर असते तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नसतो."

काकांनी कार्ड माझ्या काचेच्या कोपऱ्यात ठेवले आणि बटण दाबले. माझ्या पोटातला छपाईचा ड्रम कित्येक महिने कोणी पुसला नव्हता, त्यामुळे कार्डाच्या प्रतीला कडेने काळा पट्टा आला. दाखल्याचीही तीच गत. काकांनी "च्" केले, मला एक चापटी मारली आणि पुन्हा प्रती काढल्या. या वेळी त्या बऱ्या आल्या. सिस्टर मूळ कागद आणि चांगल्या प्रती घेऊन निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "काका, ते खराब झालेले तेवढे फाडून टाका हं!"

"फाडतो की!" काका म्हणाले.

मित्रांनो, इथेच घोळ झाला. दोघेही अगदी खरे बोलत होते. सिस्टरच्या मनात फाडणे म्हणजे चिंध्या करणे, कोणाला वाचता येऊ नये असे करणे. काकांच्या हाताला फाडण्याची एकच रीत माहीत होती. त्यांनी पट्टी घेतली, चार सारखे तुकडे केले, भोक पाडले आणि दोऱ्यात ओवले. कार्ड काचेच्या कोपऱ्यात ठेवले होते, त्यामुळे ते एका तुकड्यावर अख्खेच्या अख्खे आले. नाव, जन्मतारीख, कराचा क्रमांक, सही, काही म्हणता काही कापले गेले नाही. दाखल्याच्या तुकड्यांवर रुग्णालयाचे नाव, पगार आणि कापलेला कर. आणि काकांच्या डोक्यात मात्र काम चोख झाल्याचे समाधान!

मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो. पण माझा भोंगा फक्त झाकणाखालच्या कागदासाठी. खिळ्यावर लटकणाऱ्या कागदासाठी मला आवाजच दिलेला नाही.

त्या दिवसांत दुकानात एक गृहस्थ येऊ लागले होते. इस्त्रीचे कपडे, डोळ्यांवर बारीक चष्मा, बोलणे असे की मुंग्या लागाव्यात. मी मनातल्या मनात त्यांचे नाव साखऱ्या ठेवले होते. एखादीच प्रत काढून घ्यायची आणि मग काकांची तारीफ करत तासभर बसायचे.

"काका, तुमच्यासारखी कागदाची किंमत हल्ली कोणाला आहे? एक जुडगा देता का? हिशोब करायला बरा पडतो."

"घ्या की! दोन घ्या!" काका खुशीत म्हणायचे.

आता मी जे पाहिले ते सांगतो. दुकानात येणारा प्रत्येक माणूस पाठकोरा हातात घेतला की कोरी बाजू वर करायचा. साखऱ्या एकटाच असा होता की तो कागद उलटा करून पाठ वाचायचा. एकेक तुकडा बघायचा, नको तो पुन्हा दोऱ्यात ओवायचा आणि हवा तो अलगद काढून घ्यायचा. सिस्टरच्या कार्डाचा तुकडा आणि त्यांच्या दाखल्याचे तुकडे त्याने माझ्यासमोर पाकिटात ठेवले.

मला एकच गोष्ट करता येते, ती मी केली. त्याने प्रत काढायला दिलेला कागद मी गिळून टाकला. पोटात पार चुरगाळला आणि लाल दिवा लावून बसलो. म्हटले, काका आता उठतील, इकडे येतील, त्याच्या हाताकडे बघतील. काका उठले. माझ्या कुशीत एक धपाटा घातला. "म्हातारं झालंय हो," ते त्या गृहस्थांची माफी मागत म्हणाले. आणि साखऱ्या किती सज्जन! बाह्या सरसावून, माझे दार उघडून, त्याने स्वतःच अडकलेला कागद ओढून काढला. काकांनी त्याला वर दोन जुडगे भेट दिले. त्यानंतर तो पुन्हा कधी आला नाही.

दिवस गेले. रिटर्न भरण्याची मुदत संपत आली तेव्हा एका संध्याकाळी सिस्टर दुकानात शिरल्या. त्यांच्या हातात कागदांची पिशवी होती आणि चेहरा असा होता की काकांनी आपण होऊन स्टूल पुढे केले.

"काका, माझं रिटर्न कोणीतरी आधीच भरलंय."

"म्हणजे सल्लागारांनी?"

"नाही हो! सल्लागार भरायला गेले तर म्हणे, यांचं आलंय. माझ्या नावानं कोणीतरी खातं उघडलं, रिटर्न भरलं आणि टॅक्सचे पैसे परतसुद्धा घेतले. कुठल्या तरी भलत्याच बँकेत गेले. मी टॅक्सच्या ऑफिसात गेले, तर तिथला माणूस मलाच विचारतो, बाई, तुम्ही खरंच तुम्हीच आहात कशावरून? पुरावा आणा म्हणे. मीच मी आहे याचा पुरावा!" त्यांचा आवाज फाटला. "वर्षभर रात्रपाळ्या मी केल्या, काका. आईचे कान त्या पैशात होते."

आजी मागे उभ्या होत्या. त्यांना शब्द ऐकू आले नव्हते, पण लेकीची पाठ थरथरताना दिसत होती. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काकांकडे पाहिले.

"कोणकोणते कागद लागतील सांगा, मी सगळ्यांच्या प्रती काढून देतो. पैसे द्यायचे नाहीत," काका म्हणाले आणि सवयीने दोऱ्यातला एक पाठकोरा ओढून त्यांच्यापुढे केला. "यावर यादी करा."

सिस्टरनी पेन टेकवले. कागद पातळ होता आणि पलीकडची अक्षरे उमटून दिसत होती. त्यांनी तो सहज उलटा केला. वरच्या गल्लीतल्या मास्तरांचे कराचे कार्ड होते. फोटोत मास्तर छान हसत होते.

सिस्टरनी तो तुकडा काउंटरवर ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "काका, माझे ते खराब झालेले कागद कुठे आहेत?"

"ते? ते फाडले की मी त्याच दिवशी."

"कसे फाडले?"

"कसे म्हणजे? ही पट्टी लावून. चार सारखे..."

वाक्य पुरे झाले नाही. काकांचा पट्टी धरलेला हात तसाच हवेत राहिला. मी इतकी वर्षे त्या माणसाला पाहतो आहे, पण त्या क्षणी झाला तसा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. एखाद्याला आपल्याच हाताची ओळख पटू नये, तसे ते त्या पट्टीकडे बघत होते.

"मी फाडून टाका म्हटलं होतं!" सिस्टर ओरडल्या. "टाका! टाका म्हटलं होतं!"

"मी फाडलेच गं बाई," काका पुटपुटले. "चांगले फाडले."

पुढचे महिने नुसते हेलपाट्यांत गेले. सिस्टरनी पोलिसांत तक्रार दिली, बँकेला कळवले, कर कार्यालयाला लेखी कळवले. जुडगे मागून नेणारा आणि नंतर न फिरकलेला तो गृहस्थ काकांना आता आठवला; ते प्रत्येक ठिकाणी बरोबर गेले आणि साखऱ्याचे वर्णन करून आले. बारीक चष्मा, इस्त्रीचे कपडे, गोड बोलणे. असे वर्णन ऐकून कोण सापडणार? सापडला नाही. आणि गंमत बघा, सिस्टर या सिस्टरच आहेत हे सिद्ध करायला पुन्हा त्याच कागदांच्या प्रती लागत होत्या. कार्ड, दाखला, पुन्हा कार्ड, पुन्हा दाखला. मी काढून काढून दमलो. मला तर हसावे की रडावे तेच कळेना.

पण आता त्या प्रती नुसत्या जात नव्हत्या. सिस्टर प्रत्येक प्रतीवर आडव्या दोन रेघा मारत आणि मध्ये लिहीत, ही प्रत फक्त अमुक कामासाठी, खाली तारीख आणि सही. त्यांनी कर खात्यात स्वतःचे खाते उघडले, त्याला अवघड परवलीचा शब्द लावला आणि तो ना सल्लागारांना सांगितला ना मला दिसेल असा कुठे लिहिला. "पुढच्या वर्षी पहिल्या आठवड्यात रिटर्न भरणार," त्या काकांना म्हणाल्या. "माझ्या आधी दुसऱ्या कोणाला माझं नाव वापरायला मिळता कामा नये."

काकांनी खिळ्यावरचे सगळे जुडगे उतरवले. एकेक तुकडा उलटा करून पाहायला बसले आणि प्रत्येक तुकड्यागणिक त्यांच्या कपाळावरची आठी वाढत गेली. अर्धी गल्ली त्या दोऱ्यात लटकत होती. ज्यांचे कागद सापडले त्यांच्या घरी ते स्वतः गेले आणि तोंडावर सांगून आले. काही जणांनी त्यांना समजून घेतले, काहींनी वाटेल ते बोलून घेतले. मास्तरांनी तर बोलणेच सोडले. मग दुकानात एक पाण्याची बादली आली. खराब निघालेल्या प्रतीच्या बारीक चिंध्या करायच्या, पाण्यात टाकायच्या आणि लगदा होईपर्यंत ढवळायच्या. हे काम आजींनी आपणहून मागून घेतले. "ऐकू येत नाही, पण बोटं धड आहेत माझी," त्या म्हणाल्या आणि रोज संध्याकाळी स्टुलावर बसून चिंध्या करू लागल्या. शाळेच्या मुलांना मात्र काका आता कोऱ्या वह्या विकत आणून देतात. लोक तरीही त्यांना पाठकोरेच म्हणतात. आधी कौतुकाने म्हणत, आता कसे म्हणतात ते मी सांगत नाही.

मला मात्र कोणी काही विचारले नाही. माझ्या भोंग्यावरची पट्टीही कोणी काढली नाही. सगळ्यात आधी सगळे कळले ते मला, आणि सगळ्या घोळात एकदाही कोणाला वाटले नाही की या मशीनचे काही म्हणणे असेल.

सिस्टरचे पैसे शेवटी आले, पण ते यायला पुढचे वर्ष उजाडले. त्या दरम्यान आजी एकदा रस्त्यात मागून येणाऱ्या गाडीखाली जाता जाता वाचल्या. पैसे आल्या दिवशीच सिस्टर आईला घेऊन गेल्या आणि येताना आजींच्या कानामागे एक इवलेसे मशीन होते. माझेच भावंड म्हणायचे, पण माझ्यापेक्षा नशीबवान.

त्या संध्याकाळी आजी नेहमीप्रमाणे चिंध्या करायला आल्या. दाराशीच थबकल्या. पंख्याकडे पाहून म्हणाल्या, "बाई गं, हा एवढा कुरकुरतो?" मग बादलीतले पाणी हलवून त्याचा आवाज ऐकला आणि लहान मुलीसारख्या हसल्या. मग त्यांनी मान तिरकी केली.

"काका, हे काय वाजतंय?"

"कुठे काय?"

"हे काय, या मशीनमधून. टूं टूं, टूं टूं. दाबल्यासारखं येतंय."

"ते होय! ते नेहमीच ओरडतं. लक्ष नका देऊ, सवय होते."

"अहो, ओरडतंय म्हणजे त्याला काहीतरी झालं असेल ना!" आजी उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझे झाकण उचलले.

काचेवर एक कराचे कार्ड होते. दुपारी काकांनी स्वतःचे रिटर्न भरण्यासाठी प्रत काढली होती आणि कार्ड आतच विसरले होते. दुपारपासून संगणकाच्या कामासाठी दुकानात किती माणसे येऊन गेली होती!

काकांनी कार्ड उचलून खिशात ठेवले. मग खाली वाकले आणि नखाने माझ्या भोंग्यावरची चिकटपट्टी एकेक थर करून सोलून काढू लागले. "किती वर्षं ओरडत असेल हो हे," ते आजींना म्हणाले. आजींना ते पहिल्या खेपेलाच ऐकू आले.

मित्रांनो, आता मी फार दिवसांचा सोबती नाही. माझे रूळ झिजले आहेत आणि नवे मशीन येणार असे बोलणे चालू आहे. ते येईपर्यंत ओरडायचे तेवढे ओरडून घेतो. आज घरी गेलात की मोठ्या माणसांना विचारा, त्यांच्या कार्डाच्या खराब निघालेल्या प्रती कुठे गेल्या. "फाडल्या" असे उत्तर आले तर तेवढ्यावर गप्प बसू नका. कशा फाडल्या, ते विचारा. आणि दुकानातून निघताना एकदा झाकण उचलून बघा. तुमच्यापैकी कोणाचे तरी कार्ड आत राहिले आहे, मी केव्हाचा ओरडतो आहे.